मेमरी कार्ड फॉरमॅट मागतंय? डिस्क एडिटर उघडण्याआधी हे वाचा

फोनमधलं मेमरी कार्ड अचानक 'करप्ट' दाखवायला लागलं, ते काढून लॅपटॉपला लावलं, तर विंडोज विचारतं: वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मग आपण यूट्यूबवर शोधाशोध करतो आणि एखाद्या व्हिडिओत एक विचित्र विंडो दिसते. त्यात आकडे आणि अक्षरांच्या रांगाच रांगा. व्हिडिओवाला सांगतो, "इथला हा आकडा बदला, सेव्ह करा, झालं काम."

ती विंडो म्हणजे डिस्क एडिटर. हे हत्यार खरंच कामाचं आहे, मी स्वतः वापरते. पण व्हिडिओत सांगत नाहीत ती गोष्ट अशी की हे सॉफ्टवेअर तुम्हाला कशापासूनही वाचवत नाही. चुकीची डिस्क निवडून सेव्ह दाबलं तर कार्ड राहतं बाजूला, लॅपटॉपच सुरू होत नाही. म्हणून आकडे कसे बदलायचे यापेक्षा मूळ कार्डाला हात न लावता काम कसं करायचं, यावरच हा लेख जास्त आहे.

डिस्क एडिटर दाखवतो तरी काय?

गॅलरीत आपल्याला फोटो दिसतो, फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर दिसतं. प्रत्यक्षात कार्डावर ना फोटो असतो ना फोल्डर. तिथे असतात सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटचे छोटे कप्पे, एकामागे एक, ० पासून क्रमांक दिलेले. ३२ जीबीच्या एका नेहमीच्या कार्डात असे ६,२३,३३,९५२ सेक्टर असतात. कुठल्या सेक्टरपासून कोणती फाइल सुरू होते आणि पुढे कुठे जाते, याची नोंद फाइल सिस्टिम ठेवते. वाचनालयासारखं समजा. पुस्तकं कपाटांत आहेत, पण नोंदवहीची पानं फाटली की वाचनालय 'रिकामं' वाटतं. 'फॉरमॅट करा' असं विंडोज म्हणतं तेव्हा बऱ्याचदा पुस्तकं जागेवरच असतात, फाटलेली असते ती नोंदवही.

डिस्क एडिटर ही नोंदवही बाजूला ठेवून थेट कपाट उघडतो. प्रत्येक बाइट दोन चिन्हांत दिसतो, ०० पासून एफएफ पर्यंत. यालाच हेक्स म्हणतात. (स्क्रीनवर ही अक्षरं इंग्रजीत असतात, इथे मी मराठीत लिहितेय.) उजवीकडे त्याच बाइटचं अक्षरांत रूप दिसतं, त्यातलं बरंचसं अर्थहीन वाटतं. पण थोडी सवय झाली की खुणा ओळखू येतात. जेपीईजी फोटो एफएफ डी८ एफएफ ने सुरू होतो. कार्डाच्या अगदी पहिल्या सेक्टरचे शेवटचे दोन बाइट ५५ एए असतात. हे दोन बाइट गायब असतील तर आत सगळं शाबूत असूनही कंप्युटर कार्ड ओळखत नाही.

विंडोजवर यासाठी एचएक्सडी नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, मी या लेखात तेच धरून चालले आहे. त्यात एक चांगली सोय आहे: डिस्क उघडताना 'ओपन अ‍ॅज रीडओन्ली' या चौकटीवर आधीपासूनच टिक असते. म्हणजे बघायचं तेवढं बघा, लिहिता येणार नाही. बरेच व्हिडिओ पहिल्याच मिनिटाला ही टिक काढायला सांगतात. काढू नका. या लेखात शेवटपर्यंत ती काढायची वेळ येणार नाही.

टिक काढून काही बदललंच तर तो बदल आधी फक्त कंप्युटरच्या मेमरीत असतो, बदललेले बाइट लाल दिसतात. तोपर्यंत विंडो बंद करून सुटता येतं. सेव्ह झालं की मात्र जुना बाइट कुठेच उरत नाही. इथे रिसायकल बिन नाही.

फॉरमॅट नाही, दुरुस्तीही नाही

फॉरमॅटच्या प्रश्नाला 'कॅन्सल' म्हणा, हे उघड आहे. पण 'चेक डिस्क' किंवा विंडोजचं 'स्कॅन अँड फिक्स' हेसुद्धा आत्ता चालवू नका. नावावरून ते सोज्वळ वाटतं, पण ते कार्डावर लिहितं. नोंदी जुळल्या नाहीत की तुटके तुकडे वेगळ्याच नावाच्या फाइलमध्ये टाकतं किंवा नोंद कापून टाकतं. त्याचं काम नोंदवही सुसंगत करणं, तुमचे फोटो वाचवणं नाही.

आणि कार्ड परत फोनमध्ये घालून 'आता चालतंय का' बघत बसू नका. फोन त्यावर थंबनेल लिहितो, तात्पुरत्या फाइल लिहितो. जिथे तुमचा व्हिडिओ होता तिथेच लिहिलं गेलं तर कुठलाही एडिटर तो परत आणू शकत नाही. कार्ड बाहेर काढा, बाजूला ठेवा.

आधी प्रत, मग बाकी सगळं

कार्डातला प्रत्येक सेक्टर जसाच्या तसा एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घ्यायचा. या फाइलला इमेज म्हणतात. फोल्डर कॉपी करणं आणि इमेज काढणं यात फरक आहे: इमेजमध्ये फाटलेली नोंदवहीही येते, रिकामी दिसणारी जागाही येते. एकदा इमेज हातात आली की पुढचे सगळे प्रयोग त्या फाइलवर करायचे. बिघडलं तर नवी प्रत घ्यायची.

विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर हे मोफत सॉफ्टवेअर हे काम करतं. पण त्याच्या विंडोत 'रीड' आणि 'राइट' ही दोन बटणं शेजारीशेजारी आहेत. रीड म्हणजे कार्डातून फाइलमध्ये, राइट म्हणजे फाइलमधून कार्डावर. आपल्याला हवं रीड. अनेकांना वाटतं, 'फाइल लिहायची आहे ना, मग राइट'. इथेच घात होतो. मी तर नेहमी आधी अस्तित्वात नसलेल्या फाइलचं नवं नाव टाकते. फाइलच नाही म्हटल्यावर चुकून राइट दाबलं तरी कार्डावर लिहायला त्याच्याकडे काही नसतं.

३२ जीबीच्या कार्डाला साधारण ३० जीबी मोकळी जागा लागते, आणि ती अर्थातच त्याच कार्डावर चालत नाही. इमेज बाहेरच्या पेनड्राइव्हवर ठेवणार असाल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला नसावा, कारण एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

कार्ड मध्येच अडखळत असेल, काही सेक्टर वाचताच येत नसतील, तर साधं इमेजिंग सॉफ्टवेअर एररवर थांबतं. त्यासाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू चांगलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं. कुठे काय वाचून झालं याची वेगळी नोंद ठेवायला सांगता येते, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. लिनक्सवर डीडी नावाची जुनी कमांडही आहे. तिच्यात 'आयएफ' म्हणजे कुठून वाचायचं आणि 'ओएफ' म्हणजे कुठे लिहायचं. एका अक्षराचा फरक. ही दोन अदलाबदल झाली तर प्रत काढायची राहते बाजूला, कार्डच पुसलं जातं, आणि कमांड काहीही विचारत नाही. तिला गमतीने 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात ते उगाच नाही.

इमेज झाली की तिची आणखी एक प्रत करा. एक न शिवता ठेवायची, दुसरीवर काम करायचं. कार्ड कागदात गुंडाळून कपाटात.

बरोबर डिस्क कोणती?

इमेज काढतानाही योग्य डिस्क निवडावी लागते, आणि खरी चूक होते ती इथे. विंडोज फिजिकल डिस्कना क्रमांक देतं: डिस्क ०, डिस्क १, डिस्क २. 'शून्य नेहमी लॅपटॉपची' असं धरून चालू नका. काल कार्ड डिस्क २ होतं म्हणून आजही २ असेल असंही नाही, कारण काय लावलंय, कधी लावलंय यावर क्रमांक बदलतात.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे आकार. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबली की येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. ३२ जीबीचं कार्ड तिथे ३२ दिसणार नाही, २९.७ च्या आसपास दिसेल. कारण कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणजे २ जीबी चोरीला गेलेले नाहीत, काळजी नको. मग कार्ड काढा: यादीतून कोण गायब झालं? परत लावा: कोण आलं? तेच तुमचं कार्ड. बाकीचे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क आधीच काढून ठेवलेल्या बऱ्या. एवढं करायला दोन मिनिटं लागतात आणि ती मी दर वेळी घालवते.

एक प्रत्यक्ष उदाहरण

माझ्या भाच्याचा फोन व्हिडिओ घेताना हँग झाला, त्याने बॅटरी संपेपर्यंत वाट न बघता कार्ड ओढून काढलं. संध्याकाळी मेसेज: "आत्या, फॉरमॅट करू का? कार्ड रिकामं दाखवतंय." त्या कार्डात त्याच्या आजोबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शेवटच्या दोन वर्षांतले व्हिडिओ होते आणि ते दुसरीकडे कुठेही नव्हते. मी लिहिलं, "काहीही दाबू नकोस. कार्ड काढ आणि घेऊन ये."

इमेज काढली, तिची प्रत केली, ती प्रत एचएक्सडीमध्ये साधी फाइल म्हणून उघडली. पहिला सेक्टर व्यवस्थित होता, शेवटी ५५ एए. या सेक्टरमध्ये ४४६ व्या बाइटपासून पार्टिशनच्या नोंदी असतात, १६ बाइटची एक, अशा चार. पहिल्या नोंदीत प्रकार ०सी, म्हणजे एफएटी३२. त्यापुढे सुरुवातीच्या सेक्टरचा क्रमांक: ०० २० ०० ००. हे उलटं वाचायचं, मागचा बाइट पुढे. म्हणजे हेक्समध्ये २०००, आपल्या नेहमीच्या मोजणीत ८१९२. त्याच्या पुढच्या चार बाइटमध्ये एकूण सेक्टर: ०० ०४ बी७ ०३, म्हणजे ६,२३,२५,७६०. यात सुरुवातीचे ८१९२ मिळवले की ६,२३,३३,९५२. कार्डाच्या आकाराशी बेरीज तंतोतंत जुळली. आकडा असा दोन बाजूंनी जुळला की मगच मी पुढे जाते.

आता ८१९२ व्या सेक्टरवर जायचं. प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणून फाइलमधली जागा हेक्समध्ये ४०००००. कंट्रोल आणि जी दाबून तिथे गेले. इथे पार्टिशनचा बूट सेक्टर असायला हवा, एफएटी३२ मध्ये तो सहसा ईबी ५८ ९० ने सुरू होतो. तिथे होतं ०० ०० ००, पूर्ण सेक्टरभर शून्यं. नोंदवहीचं पहिलंच पान कोरं.

पण एफएटी३२ बनवणाऱ्यांनी एक शहाणपण केलं आहे: बूट सेक्टरची एक प्रत साधारणपणे सहा सेक्टर पुढे ठेवलेली असते. ८१९२ अधिक ६, म्हणजे ८१९८, जागा ४००सी००. तिथे ईबी ५८ ९० होतं, उजवीकडे 'एफएटी३२' हा शब्द स्पष्ट वाचता येत होता आणि शेवटी ५५ एए. भाचा शेजारी बसला होता, तो खुर्चीवरून उठलाच.

मग हे ५१२ बाइट निवडून कॉपी केले आणि ४००००० वर आणून ठेवले. इथे एक सापळा आहे आणि तो नीट समजून घ्या. एचएक्सडीमध्ये कंट्रोल-व्ही म्हणजे 'पेस्ट इन्सर्ट'. ते मधे जागा करून बाइट घुसवतं आणि पुढचं सगळं ५१२ बाइटने सरकतं. फाइल सिस्टिमच्या दृष्टीने मग प्रत्येक गोष्ट चुकीच्या जागी. आपल्याला हवं ते 'पेस्ट राइट', कंट्रोल-बी, जे आहे त्याच्यावरच लिहितं. सेव्ह करण्याआधी फाइलचा एकूण आकार आधीइतकाच आहे ना, ते बघा. एक बाइटही वाढला असेल तर सेव्ह न करता बंद करा.

सेव्ह केल्यावर ती इमेज सेव्हन-झिपमध्ये उघडली. फोल्डर दिसले. व्हिडिओ तिथूनच लॅपटॉपवर काढून घेतले. हँग होताना चालू असलेला शेवटचा व्हिडिओ मात्र मिळाला नाही, तो पूर्ण लिहिलाच गेला नव्हता. आणि मूळ कार्ड? त्यावर आम्ही एक बाइटही लिहिला नाही. दुरुस्ती प्रतीत झाली, फाइल प्रतीतून आल्या.

६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं बहुधा एक्सफॅटमध्ये असतात. तिथे बूट सेक्टर एकटा नसतो, १२ सेक्टरचा गट असतो आणि त्याची प्रत लगेच पुढच्या १२ सेक्टरमध्ये. त्या गटाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये बेरीज-तपासणीचा आकडा असतो, त्यामुळे मधला एखादा बाइट हाताने बदलला तर ती बेरीज जुळत नाही. तिथे हाताने काम करण्याऐवजी टेस्टडिस्क वापरा. ते मोफत आहे, इमेज फाइलवरही चालतं, आणि बूट सेक्टर व त्याची प्रत यांची तुलना करून दाखवतं. खरं सांगायचं तर एफएटी३२ साठीही टेस्टडिस्क पुरतं. एडिटरमध्ये स्वतः बघितल्याचा फायदा एवढाच की टेस्टडिस्क जेव्हा 'लिहू का?' विचारतं, तेव्हा ते नेमकं काय लिहिणार हे तुम्हाला कळलेलं असतं.

नोंदवही पूर्णच गेली असेल तर त्याच्याच जोडीचं फोटोरेक वापरा. ते नोंदवही बघतच नाही, एफएफ डी८ एफएफ सारख्या खुणा शोधत कपाटं चाळतं. फोटो मिळतात, पण मूळ नावं आणि फोल्डर जातात, आणि तुकड्यांत साठवलेले मोठे व्हिडिओ अर्धवट निघू शकतात.

जिथे एडिटरचा उपयोग नाही

कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून वापरत असाल, म्हणजे अँड्रॉइड ६ पासून आलेली ती सोय, तर कार्डावरचा मजकूर एन्क्रिप्ट केलेला असतो आणि किल्ली त्याच फोनमध्ये असते. एडिटरमध्ये नुसता गोंधळ दिसेल. तो गोंधळ म्हणजे बिघाड नव्हे. असं कार्ड वाचवायचं तर तो फोन रीसेट करू नका, एवढंच.

फोनची स्वतःची मेमरी यूएसबीने लावली तरी एडिटरच्या यादीत येत नाही, कारण फोन डिस्क म्हणून नाही, फाइल देणारं उपकरण म्हणून जोडला जातो. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांना तर एन्क्रिप्शन सक्तीचंच आहे. रूट केलेल्या फोनवर डीडी चालवून पार्टिशन बदलायला सांगणारे व्हिडिओही भरपूर आहेत. त्यांच्यापासून लांब राहा. काही पार्टिशनमध्ये त्याच फोनची नेटवर्कची माहिती असते, ती गेली की सिम लागूनही नेटवर्क येत नाही. आणि आयएमईआयशी छेडछाड करणं भारतात गुन्हा आहे.

कार्ड लावल्यावर आकार शून्य दाखवत असेल, किंवा हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर बिघाड वस्तूचा आहे. तिथे सॉफ्टवेअरने प्रयोग करत राहणं म्हणजे उरलेलं घालवणं. माहिती मोलाची असेल तर बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

कार्ड विकण्याआधी

हे सगळं जमायला लागलं की एक गोष्ट खटकायला लागते: जे मला दिसतं ते दुसऱ्यालाही दिसेल. स्वतःचं जुनं कार्ड क्विक फॉरमॅट करा आणि एचएक्सडीमध्ये, रीडओन्लीची टिक तशीच ठेवून, हजारो सेक्टर पुढे जाऊन बघा. फोटो तिथेच असतात, फक्त नोंदवही नवी आलेली असते. कुणाचं कार्ड दुरुस्तीला हातात आलं तर डिलीट केलेल्या गोष्टीही समोर येतात, म्हणून मी आधी मालकाला विचारते आणि शक्यतो त्याला शेजारी बसवूनच काम करते. झाल्यावर इमेजही पुसते.

कार्ड विकायचं किंवा कुणाला द्यायचं असेल तर विंडोजमध्ये 'क्विक फॉरमॅट'ची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून विंडोज यात सगळीकडे शून्यं लिहितं, ३२ जीबीला बराच वेळ लागतो. मग एडिटरमध्ये मधलेअधले सेक्टर उघडून ०० दिसतात ना, ते तपासा. कार्डाच्या चिपकडे थोडी राखीव जागा असते, ती एडिटरलाही दिसत नाही. त्यामुळे आधार कार्डाचे फोटो, बँकेची कागदपत्रं किंवा फारच खाजगी काही त्या कार्डावर होतं, तर दोनअडीचशे रुपयांसाठी ते विकू नका. पक्कडीने दोन तुकडे करा आणि ई-कचऱ्यात टाका.